उरलेले पाच सामने आणि एक वॉशर

स्वयंपाकघरातला नळ गळत होता, प्लंबर आला, वॉशर बदलून गेला. काम वीस मिनिटांचं, बिल दोन तासांचं. उरलेल्या एक तास चाळीस मिनिटांत त्याने माझ्या संघाची जी उत्तरक्रिया केली, तिचीही दक्षिणा मीच मोजली, हे अजून पचत नाहीये.

चूक माझीच. डोक्यावर टोपी होती. अमेरिकेत इथल्या फुटबॉलच्या (एनएफएल) संघाची टोपी घालून परक्या माणसाला दार उघडणं म्हणजे कपाळावर पत्रिका चिकटवून ज्योतिष्यापुढे बसणं.

सिंकखालून नुसते पाय दिसत होते. तिथूनच आवाज आला, "सात जिंकले, पाच हरले ना तुम्ही?"

"हो, पण उरलेले पाचही सामने सोपे आहेत. त्या पाच संघांनी मिळून 60 सामन्यांत जेमतेम 24 जिंकलेत!" हा आकडा मी आठवडाभर दिसेल त्याला ऐकवत होतो. बायको तर मी "साठ" म्हणताच उठून जायची.

पाय हलायचे थांबले. तो सरपटत बाहेर आला, पाना ओट्यावर ठेवला. पाना ठेवला म्हणून मीटर थांबत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. वॉशरच्या पाकिटाचा तळहाताएवढा पुठ्ठा उलटा करून त्याने त्यावर पाच रेघा ओढल्या.

"यातले तीन तुमच्याच डिव्हिजनचे, म्हणजे तुमच्याच चार संघांच्या गटातले. त्यांना एकदा हरवलंय तुम्ही. म्हणजे त्यांच्या खात्यावरच्या तीन हारी तुमच्याच. स्वतःच बदडायचं आणि वर स्वतःच अशक्त म्हणायचं?"

मी गप्प.

"हा चौथा. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, जखमी होता तोवर गरीब. तो परतलाय. आणि हा पाचवा, या पाचांत त्यातल्या त्यात तगडा, त्याची प्लेऑफमधली, म्हणजे बाद फेरीतली, जागा पक्की झाली की मुख्य खेळाडू बाकावर. तो सामना तुम्ही जिंकाल."

जिंकू म्हणाला तेही असं, की अपमान वाटावा.

"प्लेऑफला दहा विजय झाले की पुरे ना?" मी चिवटपणे विचारलं. इथे विचारायला नको होतं. कारण मग 2008 चे पेट्रियट्स आले, 16 पैकी 11 जिंकूनही घरी बसलेले. पाठोपाठ 2010 चे सीहॉक्स: 7 जिंकले, 9 हरले, तरी डिव्हिजन जिंकली म्हणून आत, वर पहिल्याच फेरीत गतविजेत्या सेंट्सना लोळवलं. 32 पैकी 14 संघ आत जातात, पण आठ जागा डिव्हिजनच्या विजेत्यांच्या, ते कितीही रडतखडत आलेले असोत. हा अन्याय मला ठाऊक आहे हो. पण तासाच्या दराने ऐकायचा?

मग बरोबरी फोडायचे नियम. आपसातला सामना, मग डिव्हिजनमधली कामगिरी, मग आणखी कसलंकसलं, आणि काहीच जमलं नाही तर नाणेफेक. "खरंच, नियमात आहे. नाणं आहे?" मी दिलं. त्याने उडवलं, मनगटावर झेललं, बघितलं, मान हलवली आणि खिशात टाकलं. छापा की काटा, तेही सांगितलं नाही.

"तुमचा संघ कुठला?" निघताना विचारलं.

"आमचं ऑक्टोबरातच आटोपलं. म्हणून तर वेळ असतो."

बिलात नाणं वजा केलेलं नव्हतं. आणि तो पुठ्ठा बायकोने फ्रिजवर लावलाय.