"सुई कशी घेता?" एवढं एकदा विचारा ना, डॉक्टरसाहेब!

घरी येऊन पाणी प्यायले आणि लिहायला बसले. जेवण नंतर. पोस्ट मोठी होणार आहे, ज्यांच्या घरी शुगरचं माणूस आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आज आईला घेऊन संभाजीनगरला गेले होते, शुगर आणि हार्मोन्सच्या स्पेशालिस्टकडं. क्लिनिकचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. नाव लिहिलं की सगळे त्या एकाच दारावर तुटून पडतील आणि बाकीचे सुटतील. सेलूहून पहाटेची गाडी धरायची, उपाशीपोटी रक्त द्यायचं, सोबतची भाकरी खायची, दोन तासांनी परत रक्त, मग रिपोर्ट, मग नंबर. हा दिवस कसा जातो ते जाणाऱ्यालाच माहिती.

आमच्या आधी जिंतूरकडचे एक आजोबा होते, सोबत कॉलेजातला नातू. केबिनचं दार उघडंच. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "मागच्या वेळी डोस वाढवला, तरी ३०० च्या वर! तोंडावर ताबा ठेवायचा नसेल तर इथं येता कशाला?" आजोबा म्हणाले, "साहेब, गोडाला हात लावत नाही मी." "मग काय हवा खाऊन वाढायलीय का शुगर?" बाहेर हॉलमध्ये दोन-चार जण हसले. ज्यांच्या स्वतःच्या मांडीवर फायली होत्या, तेच हसले. आजोबा मान खाली घालून बाहेर आले. नातवानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माझं डोकं तिथंच फिरलं. कारण हेच वाक्य, याच सुरात, माझ्या आईनं ऐकलेलं आहे.

आईला इन्सुलिन लागून बरीच वर्षं झाली. मधे एक काळ असा आला की शुगर काही केल्या खाली येईना. आम्ही तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात जायचो. प्रत्येक खेपेला डोस वाढायचा आणि प्रत्येक खेपेला तेच, "आजी, चोरून खाता तुम्ही." माझी आई! जी पंगतीत वाढलेली जिलेबी शेजारच्या लेकराच्या ताटात टाकते. पण डॉक्टरांनी म्हटलं की घरात ते खरंच होऊन बसतं. वहिनीनं गुळाचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला. आईनं ते बघितलं, बोलली काहीच नाही. त्या दिवसापासून तिनं चहासुद्धा मागणं सोडलं. दिला तर प्यायची.

मग एका ठिकाणी एक ताई भेटली. डायबिटीस एज्युकेटर म्हणतात त्यांना, म्हणजे शुगरच्या पेशंटला सुई-पथ्य समजावून सांगणाऱ्या. तिनं फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आजी, सुई कशी घेता? घेऊन दाखवा बरं मला."

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

आईनं पदर सारला, बेंबीच्या उजव्या अंगाला जागा धरली. ताईनं तिचा हात तिथंच थांबवला, पोटावरून हलकी बोटं फिरवली, मग माझा हात धरून तिथं ठेवला. कातडीखाली लिंबाएवढी गाठ. वरून काहीच दिसत नव्हतं, हाताला मात्र स्पष्ट लागत होती. "आजी, रोज इथंच टोचता का?" आई म्हणाली, "हाव माय. तिथं टोचलं की दुखत नाही. बाकीकडं लई झोंबतं."

दुखत नव्हतं कारण ती जागाच बधिर पडत चालली होती. एकाच जागी सुई घेत राहिलं की कातडीखालची चरबी गाठाळते आणि तिथं टोचलेलं इन्सुलिन अंगात नीट जातच नाही. कधी थोडं जातं, कधी एकदम जातं. ताईनं पोटाचे चार भाग करून दाखवले, मांड्या दाखवल्या, आठवड्याला भाग बदलायचा, दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवायचं, गाठीवर अजिबात टोचायचं नाही. आणि लगेच डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घेतला, कारण चांगल्या जागी तेवढंच घेतलं असतं तर शुगर धाडकन खाली आली असती. पुढच्या तपासणीला तीन महिन्यांच्या सरासरीवाली शुगर उतरली होती. जेवण तेच. बाई तीच.

आता परत आजोबांकडं येते. ते बाकावर बसले होते. बियाणाच्या कंपनीची पिशवी, त्यात स्टीलचा डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली. म्हणजे हा माणूस जिंतूरहून येताना औषध तापू नये म्हणून फडकं ओलं करून आणतो! आणि त्याला आपण निष्काळजी म्हणायचं? मी म्हटलं, "बाबा, सुई बघू तुमची." त्यांनी काढून दिली. टोपण नारिंगी. बाटलीवर ४०.

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन साधारण १०० चं. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० वाल्या इन्सुलिनची. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज अशी जोडी झाली की ३० च्या रेघेपर्यंत भरलं तरी अंगात जातात फक्त १२ युनिट. कागदावर ३०, पोटात १२. मग शुगर उतरेल कशी? आणि उलटी जोडी झाली, १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं घेतलं, तर अडीच पट जातं आणि माणूस हातचा जायची वेळ येते. हे मला माहिती होतं, कारण त्याच ताईनं आईला टोपणाचा रंग पाठ करून घेतला होता.

आजोबांना विचारलं, सुई कुठून घेतली? "मेडिकलवर. लाल संपली म्हणला, ही बी तीच हाय म्हणला."

मी नातवाला घेऊन काउंटरवर गेले. तिथली मुलगी म्हणाली नंबर झालाय त्यांचा. मी हटले नाही. शेवटी सिस्टर बाहेर आल्या, बाटली आणि सुई बघितली आणि न बोलता आत घेऊन गेल्या. आजोबांना परत बोलावलं. डोस बदलला, नवीन सुया लिहून दिल्या, शुगर एकदम फार खाली गेली तर काय करायचं ते सांगितलं. सगळं नीट झालं. या वेळी मात्र दार बंद होतं.

"तोंडावर ताबा ठेवा" सगळ्या हॉलसमोर, आणि "चूक तुमची नव्हती" बंद दाराआड. तेही म्हटलं की नाही देव जाणे. आजोबा बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड तसंच होतं. मला म्हणाले, "बाई, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना?" सांगा काय उत्तर देऊ मी? मी मोठ्यानं, मघाशी हसले त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाही बाबा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

हो, मला माहिती आहे डॉक्टरांवर किती लोड आहे. एमबीबीएस, मग एमडी, मग आणखी तीन वर्षं डीएम, इतकं शिकलेले हार्मोन्सचे डॉक्टर मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत असे कितीसे असणार. आज आम्ही निघालो तेव्हाही हॉल भरलेला होता आणि डॉक्टरांचा डबा टेबलावर तसाच बंद होता. तेही माणूस आहेत. मान्य.

आणि पेशंट खोटं बोलतात हेही मान्य. माझे सख्खे मामा खिशात पेढा ठेवतात.

पण म्हणून सगळ्यांना एकाच काठीनं हाणायचं? आधी विचारा, बघा, मग रागवा. आज बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, थायरॉईडच्या. गोळी वाढत वाढत चाललीय म्हणाल्या. कधी घेता म्हटलं तर, "सकाळी चहासंगं, कॅल्शियमची अन् ती एकदमच." अहो, ती गोळी उठल्याबरोबर पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासानं, आणि कॅल्शियम चार तास लांब. नाहीतर ती अंगी लागतच नाही. आत जाल तेव्हा हे सगळं डॉक्टरांना सांगा म्हटलं तर म्हणाल्या, "रागावतील ना." त्यांच्या कागदावर लिहिलेलं असेलही, इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. आईच्या गाठीसारखंच. दुखणं हाताला लागण्याइतकं जवळ, आणि हात लावायला कुणाला सवड नाही.

त्या ताईनं आईला अजून एक विचारलं होतं, "आजी, एकादशीला सुईचं काय करता?" आई गप्प. आमच्याकडं एकादशी मोडायची म्हणजे पाप. आधीच्या डॉक्टरांनी "उपवास बंद" असं एका दमात सांगितलं होतं, म्हणून आई उपवास करायची आणि त्यांना सांगायची नाही. सुई मात्र रोजच्याइतकीच घ्यायची. रात्री घाम, थरथर, उलटसुलट बोलणं. आम्हाला वाटायचं अशक्तपणा आहे, शुगर फार खाली गेलीय हे कळायचंच नाही. ताई म्हणाली, करा एकादशी, पण आदल्या दिवशी आम्हाला विचारा, डोस ठरवू, नुसत्या पाण्यावर राहायचं नाही. घाम सुटला, हात कापायला लागले की आधी शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर उपवास तिथंच सोडायचा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी परत बघायचं. मशीन जवळ नसेल तर आधी साखर. आणि म्हणाली, "विठ्ठलाला चालतंय, आजी." आई तेव्हा पहिल्यांदा हसली त्या दवाखान्यात.

हे लिहिताना राग जरा उतरलाय. ताईची आठवण आली की उतरतोच.

उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही. नवीन बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेली बाटली फेकून द्यायची. चालू बाटली माठाशेजारी, पाण्यानं भरलेल्या मातीच्या भांड्यात डबी ठेवून. हेही तिनंच सांगितलं. यातलं एकही वाक्य महाग नाही. इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत सापडलं, ज्यांनी शोधलं त्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एका-एका डॉलरला देऊन टाकलं, गोरगरिबांपर्यंत पोहोचावं म्हणून. शंभर वर्षांनी ते जिंतूरच्या आजोबांच्या डब्यापर्यंत पोहोचलं. डब्यातून अंगात कसं घालायचं ते सांगणारं माणूस तेवढं पोहोचलं नाही.

आणि असा सगळ्यांसमोर अपमान झालेला माणूस परत येत नाही, हे डॉक्टरांनी लक्षात ठेवावं. तो काढेवाल्याकडं जातो, "शुगर मुळापासून बरी" असं भिंतीवर लिहिलेलं असतं त्याच्याकडं. तो काढेवाला पाच मिनिटं हात हातात धरून ऐकतो तरी. मग इन्सुलिन बंद होतं. लहानपणापासूनची शुगर असलेल्या लेकरांचं इन्सुलिन असं बंद झालं तर दिवसांत जीवावर बेततं. तेव्हा दोष कुणाचा म्हणायचा? परत पेशंटचाच?

प्रत्येक शुगर क्लिनिकात अशी एक ताई पाहिजे. मराठीत बोलणारी, आमच्या बोलीत बोलणारी, पोटाला हात लावून बघणारी. डॉक्टरांना वेळ नसेल तर नसू दे, तिला असावा. एवढी तपासणी फी घेता, एक पगार त्यातून निघत नाही का?

आता तुम्हा सगळ्यांना एक काम. आज रात्री आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची सुई हातात घेऊन बघा. बाटलीवर काय लिहिलंय, टोपण कोणत्या रंगाचं आहे. रोज जिथं टोचतात तिथं बोटं फिरवा. गाठ लागली किंवा जोडी चुकलेली दिसली तर डोस मनानं कमी-जास्त करू नका, दुसऱ्या दिवशी बाटली, सुई, सगळं पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवा आणि "कशी घेतो ते बघा" म्हणून सांगा. मला इनबॉक्सला फोटो पाठवू नका, मी डॉक्टर नाही. मेडिकल चालवणारे माझे जे विद्यार्थी इथं आहेत, त्यांनी लाल टोपणाच्या सुया संपू देऊ नका रे. संपल्या तर "उद्या या" म्हणा. "ही बी तीच हाय" म्हणू नका.