तुमची तारीख कोणती?

मे महिन्यात माझी मुलगी ख्रिस्ती तरुणांच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेली होती. परत आली ती गप्पच. दोन दिवसांनी पोळ्या लाटताना बोलली. शेवटच्या रात्री एकेकाला पुढे बोलावून विचारलं म्हणे, "तुझं तारण कोणत्या तारखेला झालं?" (तारण म्हणजे पापातून सुटका. येशूवर विश्वास ठेवला त्या दिवशी ती झाली असं धरतात.) मुलं पटापट तारखा सांगत होती. एकाने तर आदल्या दिवसाचीच सांगितली. ही म्हणाली, "मला तारीख नाहीये." झालं! डोक्यावर हात ठेवून, माइकवरून, हिच्यासाठी विशेष प्रार्थना. सोळा वर्षांच्या पोरीला मैत्रिणींसमोर असं उभं केल्यावर तिचं काय होतं हे आईबापांना वेगळं सांगायला नको.

कुणाला तारीख असते, नाही असं नाही. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि पुढे प्रेषित झालेल्या पौलाला होती. दमिष्काच्या वाटेवर भर दुपारी प्रकाश पडला आणि माणूस खाली कोसळला. यावर आपल्याकडे वर्षाला दहा उपदेश होतात. पण बायबलातल्या गलतीकरांच्या पत्रात तो स्वतःच पुढचं सांगतो. नंतर तो अरबस्तानात गेला, परत दमिष्काला आला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याला भेटायला गेला. त्या तीन वर्षांवर उपदेश ऐकलाय का कुणी? मी तरी नाही.

आपल्या महाराष्ट्रातच बघा ना. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं गेली. संस्कृत कोळून प्यायलेली, कुणालाही प्रश्न विचारायला न कचरणारी बाई. दीक्षा देणाऱ्यांशीही तिचे वाद झाले, शिकवलेलं सगळंच तिने मुकाट्याने गिळलं नाही. त्या आठ वर्षांत तिला कुणी शिबिरात पुढे बोलावलं असतं तर तिने काय तारीख सांगितली असती? आणि याच बाईने पुढे केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभारलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. १९२२ साली वारल्या, तोवर ते काम चालूच होतं.

माझं खरं प्रेम मात्र 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांवर. (आम्ही मूळचे नगरचे, त्यामुळे हा पक्षपात गोड मानून घ्या.) त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, यांना १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा. त्यांचं ते झालं, पण घरी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळं-ओवळं लगेच सुटलं नाही. एकेक गाठ त्यांनी स्वतः, स्वतःशी भांडून सोडवली. जातीचा विटाळ आधी मनातून गेला, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. टिळकांचा स्वभाव तापट, हे जगजाहीर आहे. पण या एका बाबतीत तो माणूस थांबला. बायकोचं तारण त्याने आपल्या घड्याळावर लावलं नाही. म्हणूनच टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं काव्य पुढे नेणारी बाई आपल्याला मिळाली, असं मला वाटतं.

आता थोडं घरातलं.

माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. संध्याकाळी दिवे लागले की घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराने एक अध्याय वाचायचा, मग भजन, मग तिची प्रार्थना. प्रार्थनेत गाभण म्हशीपासून मुंबईला गिरणीत असलेल्या धाकट्या काकांपर्यंत सगळ्यांची हजेरी. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूच्या पूर्वजांची यादी, आला की मी नावं गाळायचो. "अब्राहामापासून दाविदापर्यंत, वगैरे वगैरे." तिला बरोबर कळायचं. म्हणायची, "वगैरे कोन रे त्यातला? नीट वाच. त्या मान्सांची नावं कोनी तरी घ्याया नको का?"

आजीला तारीख विचारली असती तर तिने सुगी झाल्यावर की आधी, एवढंच सांगितलं असतं. उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला, नव्या बाजरीचं पहिलं पायलीभर माप देवळात जायचं. ज्या वर्षी पीक गेलं त्या वर्षीही तिने उसनं आणून दिलं होतं. त्यावरून आजोबांशी भांडण झालं, ते मी ऐकलंय. हे सगळं ती कुणाला साक्ष म्हणून सांगायची नाही.

माझं म्हणणं एवढंच, की विश्वासात वाढायला माणसाच्या शेजारी माणूस लागतो, आणि तो आपण कमी केलाय. स्टेज वाढलं, स्पीकर वाढले. दृढीकरणाच्या, म्हणजे मोठं झाल्यावर विश्वास पक्का करायच्या विधीच्या, वर्गात विश्वासांगीकार (विश्वासाचं ठरलेलं कबुलीवचन) घोकून घेतात, पण "देवाने माझ्या आजोबांना बरं का नाही केलं?" असं पोराने विचारलं की "विश्वास कमी पडला" म्हणून मोकळे. हे उत्तर माझ्या मुलीला खरोखर मिळालंय, माझे वडील गेले त्या वर्षी. बायबलात दुःखाने पिचलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही आधी सात दिवस तोंड उघडलं नव्हतं, तेवढं तरी आपल्याला जमावं. मंडळीतल्या प्रत्येक तरुण पोरामागे एक म्हातारं माणूस द्या. उपदेश करायला नको. महिन्यातून दोनदा घरी बोलवा, चहा पाजा, शास्त्र उघडा, पोरगं काय विचारतंय ते ऐका. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा.

पाळकसाहेबांना मी हे बोललो. ते म्हणाले, "सुरुवात तुमच्या घरापासून करा." चिडलो होतो, पण बोलणार काय?

तर जूनपासून आम्ही बापलेक रात्री जेवायच्या आधी एक अध्याय वाचतो. आठवड्यातून तीन-चार वेळा जमतं, खोटं कशाला सांगू. परवा मत्तय सुरू केलं. तिनेही "वगैरे" केलं. मी आजीची गोष्ट सांगितली. हसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. तामारवर जरा अडखळली. राहाबवर थांबली.

"बाबा, ही राहाब म्हणजे यरीहोवाली? ती वेश्या? ती येशूच्या घराण्यात कशी काय?"

मग तिची गोष्ट असलेलं बायबलातलं यहोशवाचं पुस्तक काढलं. आईने दोनदा हाक मारली, आमटी गार झाली, आम्ही दुसऱ्या अध्यायातच होतो.