ग्रंथपालांना बोलवा, शाल-श्रीफळ राहू द्या

बडोद्यातल्या आमच्या जुन्या मित्रमंडळींत सध्या एक वाद रंगलाय. शहरातल्या ग्रंथपालांना एका संध्याकाळी एकत्र बोलवायचं, गुजराती, सिंधी, उर्दू, मराठी लिहिणाऱ्या चार-सहा जणांनी त्यांच्यापुढे वाचायचं आणि मग बडोद्यातल्याच कुणाचं तरी गाणं, असा एकाने घाट घातला. लगेच दुसऱ्याचं उत्तर आलं, "मराठीला इथे आधीच कोण विचारतं? सगळ्यांची खिचडीच करायची तर वर्गणी आपण का काढायची?" तिसऱ्याने महाराष्ट्रातला पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद मध्ये ओढला, चौथ्याने अभिजात दर्जाच्या शुभेच्छा पुन्हा एकदा फिरवल्या आणि मूळ कार्यक्रम राहिला बाजूला. मी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करते, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे वळले: तुमच्याकडे असं काही होतं का?

होतं, आणि दणक्यात होतं. २०२५च्या जूनअखेरीस अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन फिलाडेल्फियात भरलं. १८७६ साली ही संघटना स्थापन झाली तीही याच शहरात. अधिवेशनाच्या दिवसांत संध्याकाळी निरनिराळ्या गटांचे मेळावे असतात. त्यातल्या एकात मी गेले होते. स्थलांतरितांच्या घरांतले, वेगवेगळ्या वंशांचे लेखक आपापल्या पुस्तकातली दोन-दोन पानं वाचत होते आणि कोपऱ्यात तिघं जण जॅझ वाजवत होते. जॅझ म्हणजे तिथलं घरचंच. जॅझचा नामांकित सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन काही वर्षं याच शहरात राहिला.

माझं लक्ष मात्र पुस्तकांच्या टेबलाकडे होतं. वाचन संपलं की ग्रंथपाल तिथे जायचे, पुस्तक उलटं करून मलपृष्ठावरच्या बारकोडचा फोटो घ्यायचे, चार पानं चाळायचे, बांधणी टिकेल का ते बोटाने दाबून बघायचे. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "तीन घेते, एक शाखेला." टाळ्या सगळ्यांनाच मिळाल्या, पण लेखकाचं खरं काम या टेबलापाशी झालं. इथे पुरा बेलप्रे यांच्या नावाचं बालसाहित्याचं पारितोषिक आहे. १९२१ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात लागलेल्या त्या पहिल्या पोर्तो रिकन ग्रंथपाल. मुलांना त्या बाहुल्या नाचवून गोष्टी सांगायच्या. ग्रंथपालाच्या नावाने लेखकांना बक्षीस, हे मला फार आवडतं.

हे सगळं सुखासुखी चाललंय असं मात्र नाही. २०२३ या एका वर्षात अमेरिकेतल्या ग्रंथालयांतून ४,२४० वेगवेगळी पुस्तकं काढून टाका अशा मागण्या झाल्याची या संघटनेची नोंद आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुख कार्ला हेडन, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय, यांना २०२५च्या मे महिन्यात तडकाफडकी काढलं. त्यामुळे त्या संध्याकाळी हसण्या-बोलण्याच्या आड एक धास्ती होती. आणि एक गोष्ट मला खटकली. हॉलमधले सगळे एकाच मताचे होते. पुस्तकं काढा म्हणणाऱ्यांपैकी एकही तिथे नव्हता, कुणी बोलावलंही नसेल. शिवाय भारतीय लेखक म्हणून जे होते ते सगळे इंग्रजीत लिहिणारे. मराठीचा पत्ता नाही.

आता बडोदं. तिथल्या एका ग्रंथालयात (नाव नको) मराठी पुस्तकांची नोंद करणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मराठी वाचणारं कुणी आलंच नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांतून आजोबांची कपाटं रिकामी होतात, मुलं पुण्यात नाहीतर माझ्यासारखी परदेशात, पुस्तकं सुतळीने बांधून ग्रंथालयात येतात आणि त्या गठ्ठ्याची गाठ तशीच राहते. तिथली गुजराती मुलगी कामाला चोख आहे. पण यातलं ठेवायचं काय आणि रद्दीत काय, हे तिने कुणाला विचारायचं? आमची कैफियत तिने ऐकायला हवी, आणि ती आमच्या मराठी-मराठीच्या कार्यक्रमाला कशाला येईल? २०१८ साली ९१वं साहित्य संमेलन बडोद्यात झालं. मराठीचा मांडव घालता येतो हे तेव्हा दिसलंच. त्यानंतर शहरातल्या ग्रंथालयांत मराठीची किती नवी पुस्तकं घेतली गेली, हे खिचडीवाल्या मित्राने एकदा जाऊन मोजावं.

हिंदीच्या वादाशी याची तुलना तर मला मुळीच पटत नाही. तिथे सरकार पहिलीच्या पोरांवर भाषा लादत होतं, लोकांनी विरोध केला, २०२५च्या जूनअखेरीस सरकारने निर्णय मागे घेतला, चांगलं झालं. बडोद्यात आपल्यावर कोण काय लादतंय? सकाळी भाजीवाल्याशी आपण गुजरातीतच घासाघीस करतो की.

आणि असले कार्यक्रम आपल्या गावाला नवे नाहीत. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना ग्रंथालयं उभी करायला बोलावलं ते इथल्याच, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनहून. त्यांनी ग्रंथपालांना शिकवलं, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या, आणि १९१२ पासून ग्रंथालयांचं जे नियतकालिक निघालं त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी एकत्र नांदत होत्या. गाण्याचंही तसंच. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ची, भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती १९१६ साली बडोद्यात, आणि फैयाज खाँ तर दरबारचेच गवई. अर्थात तेव्हा पैसा महाराजांचा होता. आता वर्गणीची वही फिरवावी लागते, तेव्हा मित्राची कुरकुर अगदीच गैर नाही.

तर माझं मत असं, की कार्यक्रम करा. भाषणं नकोत, शाल-श्रीफळ नको. प्रत्येक लेखकाने आपल्या पुस्तकाच्या पाच प्रती आणि प्रकाशकाचा नंबर सोबत आणावा. सिंधी, उर्दू पुस्तकांचा मजकूर दोन ओळींत गुजरातीत लिहून ठेवा, मराठीचाही. खेड्यातल्या ग्रंथपालांना एसटीचं भाडं द्या. गाणाऱ्याला मानधन द्या, आणि गाणं जेवणाच्या वेळी ठेवू नका. फिलाडेल्फियात त्या तिघांचं वादन गप्पांत बुडालं, मला राग आला होता. बडोद्याचे लोक ख्याल चालू असताना बोलत नाहीत, ही आपली मिजास टिकवा.

जागा मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररीच बघा. काचेच्या जमिनीच्या त्या मजल्यांवरून पाहुण्यांना एक फेरी मारून आणा. गाडी लावायला तिथे जागा मिळत नाही, ते मलाही ठाऊक आहे. रिक्षाने या.