माडाच्या बुंध्यावरचं अळमं म्हणजे रेशी नव्हे

गेले काही दिवस आपल्या गोव्याच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय, माडाच्या बुंध्याला आलेलं तांबूस चकचकीत अळमं (अळंबी) आणि खाली लिहिलंय की हेच ते महागडं रेशी (औषधी म्हणून विकतात ते अळमं), उकळून प्या. अहो, थांबा जरा!

ते बहुतेक गॅनोडर्मा आहे हे खरं, पण गॅनोडर्मा म्हणजे एक जात नाही, अख्खी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे आणि तिच्यात कितीतरी जाती. वरून लाखेसारखं चमकलं की 'ल्युसिडम' ही त्यातली एक जात म्हणायचं ही सवय जुनी, ते नाव १७८१ साली इंग्लंडातल्या नमुन्यावरून पडलं. पुढे डीएनए तपासला तर चीनमध्ये औषधासाठी वाढवतात ती रेशीची जातच वेगळी निघाली, २०१२ मध्ये तिला 'लिंगझी' असं नाव दिलं. म्हणजे तज्ज्ञसुद्धा नुसत्या दिसण्यावर फसले, आणि आपण मोबाईलच्या फोटोवरून ठरवणार? एकाच जातीचं अळमं वय, ऊन-पाऊस यांप्रमाणे रंग-आकार बदलतं ते वेगळंच.

आणि माडावर ते दिसलं म्हणजे मुळं-बुंधा आतून कुजतोय, काढा करण्यापेक्षा कृषी खात्याच्या माणसाला बोलवा. रोयणीच्या (वारुळावरच्या) अळम्यांसारखं हे खायचं नाही, लाकडासारखं कडक असतं.