कुलूपबंद गावात भाड्याचे घर

रत्नागिरी जिल्ह्यातील ज्या गावाच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते, तिथे चिऱ्याची, पडवीची, मागे विहीर असलेली उत्तम घरे ओळीने कुलूप लावून उभी आहेत, आणि त्याच गावात शिक्षिकेला भाड्याने दोन खोल्या मिळत नाहीत. शहरातील माणसाला हे सांगितले तर त्याला ती अतिशयोक्ती वाटते. गावातील माणसाला सांगितले तर तो शांतपणे म्हणतो, "बाई, घरं आहेत, पण ती भाड्याची नाहीत."

मग आम्ही राहायचे कुठे? शासनाची अट अशी की शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहावे, तसा ग्रामसभेचा ठराव आणावा आणि मगच घरभाडे भत्ता मागावा. २०२२ साली विधानसभेत हा विषय गाजला, तेव्हा शिक्षक गावात न राहता भत्ता लाटतात असा सरसकट सूर लागला होता. ज्या गावात भाड्याने देण्यासाठी एकही खोली नाही तिथे शिक्षकाने नेमके कुठे राहावे, हा साधा प्रश्न मात्र त्या गदारोळात कुणालाही पडला नाही. आरोग्य केंद्राच्या आवारात निदान गळकी का होईना, पण निवासस्थाने असतात. आम्हाला मात्र ग्रामसभेचा ठराव आणण्याचा आदेश तेवढा मिळतो.

ही घरे मुंबईकरांची आहेत. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात ती उघडतात. बाकीचे वर्ष किल्ली एखाद्या चुलत्याकडे असते आणि चुलता म्हणतो की मुंबईला विचारावे लागेल. मुंबईला विचारले की कळते, घर चार भावांचे सामाईक आहे, त्यातील एक बडोद्याला असतो, दुसरा तिसऱ्याशी बोलत नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी एकच भीती असते : "उद्या कूळ लागलं तर?" १९४८चा कूळकायदा शेतजमिनीचा होता. १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, जमीन कसणाऱ्या कुळांना मालक मानले गेले, आणि ज्यांच्या जमिनी तेव्हा गेल्या त्यांच्या नातवंडांनी ती धास्ती जपून ठेवली आहे. पण मी कुणाचे भात लावायला आलेले नाही. मला एक स्वयंपाकघर, एक खोली आणि आतून कडी लागणारे न्हाणीघर हवे आहे. अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर राहणारी व्यक्ती कूळ होत नाही. मुदत संपूनही ती हटली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत घेता येते आणि तोपर्यंत दुप्पट दराने भरपाईही मागता येते. हे मी पडवीत बसून, चहा घेत, अत्यंत नम्रपणे समजावून सांगितले आहे. त्यावर उत्तर मिळाले की बाईंना कायदा फार माहीत आहे, म्हणजे माणूस धोक्याचा.

एवढ्यातूनही कुणी तयार झालेच, तर चौकशी सुरू होते. आडनाव काय, मूळ गाव कुठले, घरी कोण कोण, लग्न का नाही, सुट्टीत भेटायला कोण येणार. आडनावावरून उलगडा झाला नाही की प्रश्न अधिक सरळ होतो : "म्हणजे तुमच्यात नक्की कोण?" ही चौकशी कशासाठी चालली आहे हे विचारणाऱ्यालाही माहीत असते आणि मलाही. कोकणातल्या वाड्या कशाच्या आधारे वसल्या आहेत हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. माझ्या एका सहकाऱ्याला, भाडे वेळेवर देईल का हे एका शब्दानेही न विचारता, "गुरुजी, तुम्हाला पलीकडच्या वाडीत मिळेल की," असे हसतमुखाने सांगण्यात आले. तेच गृहस्थ पंधरा ऑगस्टला शाळेत समतेवर बोलून गेले होते.

शेवटी मला घर मिळाले, म्हणजे घराचा मागचा भाग मिळाला. भाडे तीन हजार, तेही रोख; पावती नाही, करार नाही. करार मागितला तेव्हा घरमालक काका दुखावले. "आपल्या माणसांत कसले कागद, बाई?" हे वाक्य मी आता मनापासून तिरस्काराने ऐकते, कारण आपलेपणाचा हा हिशोब दर वेळी एकाच बाजूला झुकतो. मी आपली असते, म्हणून पावती मागायची नाही. मी आपली असते, म्हणून मी शाळेत असताना कुणीही खोली उघडून पंख्याची जोडणी पाहून जाऊ शकते. पण पाण्याचा पंप चार दिवस बंद राहिला की मी लगेच भाडेकरू होते आणि विहिरीवरून पाणी शेंदते. भाद्रपदात तर कहरच झाला. मुंबईची मंडळी येणार म्हणून मला सामान माळ्यावर टाकून पंधरा दिवस "कुठेतरी सोय" करायला सांगितले गेले, आणि त्या महिन्याचे भाडे मात्र पूर्ण घेतले.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५नुसार भाड्याच्या जागेचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत करार नसताना वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे कागद न करून धोका पत्करतात ते काकाच. खर्च म्हणाल, तर माझ्या भाड्यावर मुद्रांक शुल्क शंभर रुपयांच्या आसपास आणि ग्रामीण भागातील नोंदणी फी पाचशे रुपये. ते पैसे मी भरते म्हणाले होते. पण गावात तक्रार करायची कुणाकडे? पोलीस पाटील काकांचे मेहुणे, सरपंच भावकीतले, आणि माझ्या वर्गात काकांची नात पहिल्या बाकावर बसते. शहरात मालकाशी भांडून माणूस दुसऱ्या गल्लीत जातो. इथे संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यांना कळते की बाई भांडखोर आहेत, आणि उरलेली कुलपेही पक्की होतात.

गेल्या ग्रामसभेत ठरावाचा विषय निघाला, तेव्हा ज्यांनी मला घर नाकारले होते त्यांच्यापैकीच एकाने उठून विचारले की बाई शनिवारी गाव सोडून का जातात. मी मुकाट बसले, कारण ठराव हवा होता. पुढच्या सभेत मुकाट बसणार नाही. अकरा महिन्यांच्या कराराचा कोरा नमुना, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घेऊन जाणार आहे, आणि शनिवारचा हिशोब मागणाऱ्या त्या गृहस्थांच्याच हातात तो नमुना देऊन, त्यांच्या बंद घराची किल्ली सर्वांसमोर मागणार आहे.