ब्रिटिश रंगातील ए-१०: इंधननळी विसरू नये

अमेरिकेबाहेर कोणत्याही हवाई दलाने न वापरलेले ए-१० हे जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणारे विमान शीतयुद्धकालीन ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या सेवेत कल्पून त्याचे छोटे मॉडेल करावे, ही आपल्याकडील एका लेखातील सूचना मला मनापासून आवडली. मात्र केवळ गर्द हिरवा व करडा कॅमोफ्लाज आणि लाल-निळी वर्तुळे एवढ्यावर थांबल्यास ती कल्पना रंगकामापुरतीच उरते. अमेरिकी हवाई दलाच्या पद्धतीप्रमाणे ए-१० ला हवेत इंधन घेण्यासाठी नाकावर, चालककक्षाच्या पुढे, झडपेखालचे तोंड असते व टँकर विमान आपली ताठ नळी त्यात घालते, तर ब्रिटिश टँकर विमाने मागे रबरी नळी सोडतात आणि इंधन घेणाऱ्या विमानाला पुढे आलेली इंधननळी लागते. ती बसवायची कुठे, हा खरा प्रश्न आहे. नाकाचा बहुतेक भाग ३० मिलिमीटरच्या सात नळ्यांच्या तोफेने व्यापलेला असून तिच्यासाठी पुढचे चाकही मध्यरेषेवरून उजवीकडे सरकवावे लागले आहे. त्यामुळे रॉयल एअर फोर्सच्या जॅग्वार या हल्लाविमानाप्रमाणे आत दुमडणारी नळी येथे मावेल असे मला वाटत नाही, आणि चालककक्षाच्या बाजूला कायमची बसवलेली बाह्य नळीच, दिसायला बेढब असली तरी, अधिक पटते. (बेढबपणाचे ए-१० ला वावडे नाहीच.)

नावासाठी डोके खाजवण्याची गरज नाही. ए-१० चे अधिकृत नाव 'थंडरबोल्ट २' आहेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांनी पी-४७ हे अमेरिकी लढाऊ विमान 'थंडरबोल्ट' याच नावाने वापरले होते, तेव्हा हॅरियर व जॅग्वार या ब्रिटिश हल्लाविमानांच्या धर्तीवर 'थंडरबोल्ट जीआर १' ('जीआर' म्हणजे जमिनीवरील हल्ला व टेहळणी) हे नाव सहज शोभेल.