कमवा आणि शिका म्हणता, मग शिकायचं कधी?

बीएस्सी-बीसीएचे निकाल लागायला लागले की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो, "दादा, कंपनी नोकरी पण देतीय आणि एमटेक पण करून देतीय म्हणे, घेऊ का?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच लांबलचक लिहून टाकतो. ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी उत्तर: घ्या. पण खाली एक प्रश्न लिहिलाय, तो एचआरला विचारल्याशिवाय सही करू नका.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पदवी झालेल्या पोराला कंपनी घेते, पहिल्या महिन्यापासून स्टायपेंड, काम थेट प्रोजेक्टवर, आणि सोबत एखाद्या नावाजलेल्या युनिव्हर्सिटीचं एमटेक, फी कंपनीची. यात नवीन काही नाही, विप्रो आणि बिट्स पिलानीनं हे नव्वदच्या दशकातच सुरू केलं होतं. एचसीएलचं टेकबी तर बारावीनंतरच पोरं घेतं. झोहोचं वेगळंच, ते शिकवतात, स्टायपेंड देतात आणि डिग्री देतच नाहीत (खरं सांगू, मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं). मी कुठं होतो ते सांगत नाही, अंदाजही बांधू नका, असल्या स्कीम आता बऱ्याच झाल्यात. आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यातली अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, वेगळी बरं का, तिथं स्टायपेंडचा किमान आकडा सरकार ठरवतं, २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना ९,००० होता. या स्कीम बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या करारावर चालतात, म्हणजे कागदावर काय लिहिलंय तेच खरं, बाकी प्लेसमेंटवाल्या सरांनी काय सांगितलं त्याला काडीची किंमत नाही.

आता चांगलं आधी सांगतो, कारण चांगलं खरंच आहे. आमच्याकडं इंग्लंडच्या एका विमा कंपनीचं क्लेम्सचं ॲप्लिकेशन होतं. त्यातला एक रिपोर्ट उघडायला एवढा वेळ लागायचा की लोक बटण दाबून चहाला जायचे. तिकीट, म्हणजे दुरुस्तीसाठी नोंदवलेली तक्रार, माझ्यावर पडलं. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी पटकन शोधायची सोय) होता तरी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सगळं टेबल चाळत बसायची, मी सर्व्हरला शिव्या देत होतो. शेजारी बसणाऱ्या सीनियर मॅडम, कोल्हापूरच्या, स्क्रीनकडं न बघताच म्हणाल्या, "एक्स्प्लेन चालवलंस का रे?" एक्स्प्लेन म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी कमांड. चालवलं, तर कुणीतरी व्हेअरमध्ये (क्वेरीतल्या अटीत) तारखेचा कॉलम डेट फंक्शनमध्ये गुंडाळून ठेवलेला. कॉलमवर असं फंक्शन चढवलं की साधा इंडेक्स कामाचा राहत नाही, डेटाबेसला एकेक ओळ घेऊन फंक्शन लावून बघावं लागतं. ते काढलं, या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत अशी सरळ रेंज लिहिली, रिपोर्ट झटक्यात उघडला. आणि योगायोग असा की त्याच सेमिस्टरला शनिवारच्या लेक्चरला बी-ट्री (इंडेक्स ज्या रचनेत साठवतात ती) चालू होतं. बी-ट्री मी बीएस्सीलाही शिकलो होतो, पेपरात आकृती काढून मार्क पण घेतले होते, पण मूल्यं क्रमानं लावलेली असतात म्हणूनच रेंज पटकन सापडते आणि फंक्शन लावलं की तो क्रमच उपयोगाचा राहत नाही, हे डोक्यात शिरलं ते त्या दिवशी. नोकरी आणि डिग्री एकत्र करायचा सगळा फायदा म्हणजे हे. नुसत्या कॉलेजात असं तिकीट मिळत नाही आणि नुसत्या नोकरीत बी-ट्रीपर्यंत कुणी जात नाही, इंटरनेटवर सापडलेलं चिकटवतात आणि तिकीट बंद करतात.

पण असं कितीदा झालं विचाराल तर बोटावर मोजण्याइतकं. कारण शनिवार.

विमावाल्यांचे रिलीज, म्हणजे बदललेलं सॉफ्टवेअर चालू करायचं काम, आमच्याकडं शुक्रवारी रात्री असायचे, शनिवार-रविवार वापर कमी म्हणून. रात्रभर कॉलवर जागायचं आणि सकाळी लेक्चर. वाकडच्या फ्लॅटवर आम्ही चौघं एकाच बॅचचे, चौघांचे लॅपटॉप चालू, चौघांचे कॅमेरे बंद, तिघं आडवे. प्रोफेसरांनी अटेंडन्सचा पोल टाकला की जो जागा असेल त्यानं बाकीच्यांना लाथ घालायची असा नियम होता. असाइनमेंट कुणीतरी एक जण मन लावून करायचा आणि मग ग्रुपवर व्हेरिएबलची नावं बदलून तीच फिरायची. प्रोफेसर चांगले होते हो, काही तर फार चांगले, पण झोपलेल्याला शिकवणार कसं?

मॅनेजर वाईट होता असंही नाही. त्याच्या एक्सेलमध्ये प्रत्येक माणसाचे बिलेबल तास, क्लायंट पैसे देतो ते त्या तासांचे. माझ्या अभ्यासाच्या तासाचे पैसे कुणीच देत नव्हतं, म्हणून तो तास माझ्या झोपेतून निघायचा. ट्रेनी स्वस्तात मिळतो, बिल होतो, वर डिग्रीच्या आशेनं टिकून पण राहतो. कंपनीनं फी भरली यासाठी मी आभारी आहेच, पण ती फी दानधर्म नव्हती.

आता तिकडचं बघा. त्याच क्लायंटच्या टीममध्ये एक इंग्रज पोरगी होती, आमच्याच वयाची, ती पण डिग्री अप्रेंटिस. दर बुधवारी तिचं कॅलेंडर दिवसभर ब्लॉक, 'युनिव्हर्सिटी' एवढंच लिहिलेलं. तिच्याकडून काही कन्फर्म करायचं असलं तर आमचा मॅनेजर मुकाट्यानं गुरुवारपर्यंत थांबायचा. हाच मॅनेजर आम्हाला लेक्चर चालू असताना फोन करायचा! कुतूहल वाटलं म्हणून मग वाचून काढलं. इंग्लंडमध्ये २०१५ पासून डिग्री अप्रेंटिसशिप आहे, २०१७ पासून ज्या कंपनीचं पगाराचं बिल वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर आहे तिला त्यावरच्या रकमेच्या ०.५ टक्के लेव्ही (करासारखी रक्कम) भरावी लागते आणि त्या पैशातून शिक्षणाचा खर्च निघतो, विद्यार्थ्याला फी नाही. आणि मुख्य म्हणजे शिकण्याचा वेळ पगारी वेळेतच बसवायचा असा नियम. वेळेबाहेर लेक्चर ठेवलं तर तेवढी बदली सुट्टी. म्हणजे एकाच प्रोजेक्टवर, एकाच कोडवर दोन अप्रेंटिस, तिचा बुधवार कंपनीच्या खात्यातून आणि आमचा शनिवार आमच्या.

तिकडचं इकडं कसं चालेल असं कुणीतरी म्हणणारच. अहो मी साताऱ्याचा, रयतच्या कॉलेजात शिकलेला. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला संस्था काढली, 'कमवा आणि शिका' कंपन्यांच्या पोस्टरवर यायच्या कितीतरी आधी आपल्याकडं होतं. आमच्या कॉलेजात त्या योजनेतली पोरं लायब्ररीत, बागेत, ऑफिसात काम करायची, पण तास ठरलेले, आणि लेक्चरच्या वेळी कुणी त्यांना फावडं हातात देत नव्हतं. काम अभ्यासाच्या कडेनं बसवलेलं होतं. आयटीनं ते उलटं केलंय, अभ्यास कामाच्या कडेनं, उरला वेळ तर.

म्हणून एचआरला विचारायचा प्रश्न हा: लेक्चर आणि परीक्षेचे तास कामाच्या तासांत धरणार का, आणि तसं लेखी देणार का? डिग्री खरी का खोटी हे आजोबांपासून सगळे विचारतात, त्याचं उत्तर सोपं आहे, युनिव्हर्सिटी यूजीसीच्या यादीत बघा, आणि पुढं प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर तिथले पात्रतेचे नियम आधी वाचा. बॉण्डचं मात्र हलक्यात घेऊ नका. 'बॉण्ड कोर्टात टिकत नाही' हे कट्ट्यावरचं ज्ञान आहे. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा ३ वर्षं नोकरी नाहीतर २ लाख असा बॉण्ड वैध धरलाय. तुमच्या करारात किती वर्षं आणि किती रक्कम, ट्रेनिंगचा काळ त्यात मोजतात का, हे चष्मा लावून वाचा.

माझ्या मामाच्या पोरीला, कोरेगावला असते, सध्या असलीच ऑफर आलीय. तिनं शहाण्यासारखं तो प्रश्न मेलवर विचारला, उत्तर आलं, 'ॲज पर प्रोजेक्ट रिक्वायरमेंट'. म्हणजे नाहीच. मामा म्हणतो घरात पहिला पगार येतोय, प्रश्न कसले विचारता, कर सही. त्याचंही चुकत नाही, दोन वर्षं एमएस्सीची फी आणि पुण्याचं हॉस्टेल त्याला झेपणारं नाही. मी तिला म्हटलं, सही कर, हा मेल जपून ठेव, आणि रुजू झाल्या झाल्या मॅनेजरला लेक्चरच्या वेळेचं दर आठवड्याचं कॅलेंडर इनव्हाइट टाक. ॲक्सेप्ट केलं तर झकास, डिक्लाइन केलं तर निदान रेकॉर्डवर राहील. ती म्हणाली, "दादा, आधी लॅपटॉप तर येऊ दे."